वळिवडे: उद्याचा पाव आणि परवाचा देश

कोल्हापूर-मिरज रेल्वेलाईनवर वळिवडे नावाचं एक छोटंसं स्टेशन आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, त्या गावाजवळ जवळजवळ पाच हजार पोलिश लोक राहत होते. बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, दुकानं... थोडक्यात, करवीर संस्थानात वसलेलं एक अख्खं पोलिश गाव!

ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्सोला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली आणि मग आठवडाभर सगळ्या ग्रुप्सवर एकच फॉरवर्ड फिरत होता. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा दिला’ वगैरे. ऐकायला छान वाटतं, पण मंडळी, जरा थांबा. राजाराम महाराज १९४० सालीच वारले होते. गादीवर दत्तक आलेले बालशिवाजी महाराज १९४३ च्या मध्यावर दोन वर्षांचेही नव्हते. कारभार रीजन्सीचा, म्हणजे राजप्रतिनिधी मंडळाचा. कँप तिथे उभा राहिला तो ब्रिटिश सरकारच्या व्यवस्थेतून, आणि खर्च होता लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारच्या खात्यावर. जामनगरजवळच्या बालाचडीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे जामसाहेब दिग्विजयसिंहांनी १९४२ मध्ये खरोखरच पुढाकार घेऊन अनाथ पोलिश मुलांसाठी कँप उभारला. वॉर्सोत त्यांच्या नावाचा चौक आहे तो उगाच नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात ढवळल्या आहेत.

असो. यजमान किती मोठ्या मनाचे होते हा प्रश्न मला तितकासा पडत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. बारा-चौदा वर्षांची ती पोरं वळिवड्याच्या बराकीत बसून ‘मोठेपणी मी कोण होणार’ याचा विचार कसा करत असतील? मुळात करू शकत होती का?

त्यासाठी आधी ती तिथवर कशी आली ते बघायला लागेल.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून घुसला, हे बहुतेकदा शिकत नाही. देशाचा पूर्व भाग सोव्हिएतांनी गिळला आणि फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार मोठ्या लाटांमध्ये तिथल्या लोकांना उचलून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तान अशा ठिकाणी नेऊन टाकलं. किती लोक? सोव्हिएत कागदपत्रांप्रमाणे तीन लाखांच्या वर, जुने पोलिश अंदाज त्याच्या कितीतरी पुढे. सैनिक, वनरक्षक, शिक्षक, शेतकरी आणि त्यांची कुटुंबं. पद्धत ठरलेली. रात्री किंवा पहाटे दारावर थाप, सामान बांधायला थोडा वेळ, मग गुरांचे डबे. डब्यात मध्ये एक शेगडी आणि जमिनीला एक भोक. हा प्रवास आठवडेच्या आठवडे चाले.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि स्टालिनला अचानक मित्रांची गरज पडली. जुलैअखेर पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांना ‘माफी’ मिळाली. (गुन्हा काय होता ते विचारू नका.) जनरल आंदर्स तिथल्या तिथे पोलिश सैन्य उभं करतायत अशी बातमी पसरली, तशी माणसं उत्तरेच्या जंगलांमधून दक्षिणेकडे, उझबेकिस्तान-कझाकस्तानकडे निघाली. उपाशी, आजारी. टायफस आणि हगवणीनं वाटेत किती मेली याला गणती नाही. आई-बापांनी आपली धडधाकट मुलं सैन्याच्या जवळच्या अनाथाश्रमात नेऊन सोडली, कारण अनाथाश्रम देशाबाहेर जाणार होते. म्हणजे पुढे ‘अनाथ’ म्हणून नोंद झालेल्या काही मुलांचे आई-वडील तेव्हा जिवंत होते. १९४२ मध्ये मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन खेपांमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून साधारण एक लाख पंधरा हजार लोक इराणला पोचले. किनाऱ्यावर त्यांचे कपडे जाळले, डोकी भादरली. तेहरान, इस्फहान, मग कराची, आणि कराचीहून काही जण वळिवड्याला.

आता मुद्द्याचं.

या मुलांच्या आठवणींमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. इराणमध्ये, भारतात, जिथे कुठे पहिल्यांदा पोटभर खायला मिळालं तिथे मुलं जेवताना पाव चोरत आणि उशीखाली, गादीखाली लपवून ठेवत. उद्याही मिळणार आहे असं कितीही सांगा, विश्वास नाही. साहजिक आहे. दोन वर्षं ज्यांनी सांगितलेलं काहीच खरं झालं नव्हतं ती मोठी माणसंच हे सांगत होती ना.

मला हा लपवलेला पाव फार महत्त्वाचा वाटतो. आपण त्याच्याकडे ‘अरेरे, बिचारी’ म्हणून बघतो. पण तो त्या मुलांनी केलेला पहिला प्लॅन आहे! भविष्याबद्दलचा त्यांचा पहिला ठोस विचार. त्याची लांबी एक दिवस. आपल्याकडे प्रोजेक्टचे रोडमॅप पाच-पाच वर्षांचे निघतात, कारण सोमवारी ऑफिस जागेवर असेल आणि तीस तारखेला पगार होईल हे आपण गृहीतच धरलेलं असतं. ते गृहीत काढून घ्या आणि मग बघा तुमचा रोडमॅप किती लांबीचा होतो ते. माझा अंदाज, उशीखाली मावेल एवढाच.

मग वळिवड्यात काय झालं, तर ही लांबी हळूहळू वाढत गेली. कुणी समुपदेशन केलं म्हणून नव्हे. तेव्हा तो शब्दही कुणाच्या कानावर नव्हता. वाढली ती वेळापत्रकानं. रोज ठरल्या वेळी घंटा, रोज जेवण, रविवारी चर्च, मग सहामाही, मग वार्षिक परीक्षा. प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक होती, वरच्या वर्गांची ‘लिसेऊम’ होती, हाताला काम शिकवणारे वर्ग होते. दहाव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसली होती आणि तिला मधली वर्षं भरून काढायची होती. पुस्तकांची बोंब होती. आंदर्सच्या सैन्याच्या प्रकाशन विभागानं जेरुसलेमसारख्या ठिकाणी पोलिश पाठ्यपुस्तकं छापून घेतली, म्हणजे कल्पना करा, महायुद्ध चालू आहे आणि एक सैन्य क्रमिक पुस्तकं छापतंय! शाळेच्या शेवटी ‘मातुरा’, आपल्या मॅट्रिकसारखी परीक्षा. शिवाय स्काउटिंग जोरात. स्काउटमध्ये नेता निवडायचा, सहलीची तयारी करायची, पुढच्या महिन्याचा कार्यक्रम ठरवायचा. पुढच्या महिन्याचा!

उशीखालच्या पावापासून मातुरापर्यंत. पाच-सहा वर्षांत एवढं अंतर ही मुलं चालली.

पण यात एक मोठी मेख होती, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

ही सगळी शिक्षणयंत्रणा एका ठरावीक भविष्यासाठी चालवली जात होती. ते भविष्य म्हणजे ‘परत जाणे’. अभ्यासक्रम युद्धापूर्वीच्या पोलंडचा, भूगोल युद्धापूर्वीच्या सीमांचा. ल्वूव आपलं, विल्नो आपलं. मुलं बहुतेक पूर्व पोलंडमधलीच, त्यामुळे नकाशाच्या उजव्या बाजूला त्यांचं घर. कँप म्हणजे तात्पुरता मुक्काम, युद्ध संपलं की आपण परत, आणि तुम्ही देश पुन्हा उभा करणार आहात, म्हणून शिका. मोठ्या मुलांना तर वाट बघायचीही गरज नव्हती. वय झालं की ती पोलिश सैन्यात जायला निघत. डॉक्टर व्हायचं, इंजिनियर व्हायचं, शिक्षिका व्हायचं, तर ते ‘तिकडे’.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबर १९४३ च्या शेवटी तेहरानमध्ये चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन भेटले. हेच तेहरान, जिथल्या तंबूंमध्ये ही मुलं वर्षभरापूर्वी राहून गेली होती. तिथे पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनकडेच राहणार हे तत्त्वतः ठरून गेलं. पोलिश सरकारला विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, मे १९४४ मध्ये, वळिवड्यातल्या मुलांचे बाप आणि भाऊ इटलीत मोंते कासिनोच्या डोंगरावर मरत होते. आणि इथे त्यांची मुलं त्या गेलेल्या गावांच्या नद्या पाठ करत होती.

फेब्रुवारी १९४५ ला याल्टामध्ये ते जाहीर झालं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली आणि वॉर्सोतल्या कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालच्या सरकारला दिली. जिंकलेल्या बाजूला असूनही ही माणसं हरली होती. वळिवड्यातल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीनं बघायचं तर युद्ध संपल्याची बातमी आणि आपलं गाव आता दुसऱ्या देशात आहे ही बातमी एकाच वर्षात आली.

मग प्रश्न येतो, की शिक्षकांनी मुलांना फसवलं का? नसलेल्या देशाचा भूगोल शिकवून त्यांची पाच वर्षं वाया घालवली का? आजच्या व्यवहारी डोक्यानं चटकन ‘हो’ म्हणावंसं वाटतं. इंग्रजी शिकवायचं, एखादा धंदा शिकवायचा, कुठेही उपयोगी पडेल असं काही. काही प्रमाणात ते झालंही. पण मला हा आरोप पटत नाही. एकतर शिक्षकांना तरी कुठे काय माहीत होतं? ते स्वतः त्याच गाडीच्या डब्यांतून आलेले. आणि दुसरं म्हणजे, उशीखाली पाव लपवणाऱ्या मुलाला ‘कुठेही उपयोगी पडेल असं’ शिकवता येत नाही. ‘कुठेही’ हे ठिकाण डोळ्यासमोर उभं राहत नाही. ‘आपलं गाव’ उभं राहतं. अभ्यास करायला, पुढचं वर्ष खरं मानायला कुठलातरी पत्ता लागतो, आणि या मुलांकडे तेवढा एकच होता. पत्ता चुकीचा निघाला. पण तोवर शिकण्याची, ठरवण्याची सवय अंगात भिनली होती आणि ती पुढे पत्त्याशिवायही चालली.

फुकट नाही चालली हेही सांगायला पाहिजे. १९४६-४७ मध्ये कँपमध्ये जी चर्चा सुरू झाली ती घराघरांतून भांडणं लावणारी होती. परत जायचं की नाही? वॉर्सोचं नवं सरकार म्हणत होतं या, मुलांना पाठवा. पण सैबेरियातून जीव वाचवून आलेल्या बाईनं पुन्हा स्टालिनच्या छायेखाली जायचं? कुणाचा नवरा आंदर्सच्या सैन्यात, आता इंग्लंडमध्ये. कुणाची आई पोलंडमध्ये सापडल्याचं पत्र आलेलं. बालाचडीची मुलंही १९४६ मध्ये तिकडचा कँप बंद झाल्यावर वळिवड्याला आली होती. त्यांच्या बाबतीत तर या मुलांचं पालक कोण, निर्णय कुणी घ्यायचा, यावरूनच ओढाताण. आतापर्यंत भविष्य एकच होतं आणि ते सगळ्यांचं मिळून होतं. आता प्रत्येक कुटुंबाला आपापलं निवडायचं होतं, तेही फॉर्म भरून.

जे परत गेले ते ओळखीच्या देशात गेले नाहीत. सीमा पश्चिमेला सरकल्या होत्या, त्यामुळे पूर्वेकडच्या कित्येकांच्या वाट्याला जर्मनांनी सोडलेली घरं आली. आणि तिथे सैबेरियाबद्दल बोलायची सोय नव्हती. सोव्हिएत ‘मित्रां’नी पोलिश मुलांना गुरांच्या डब्यांतून नेलं ही गोष्ट १९८९ पर्यंत उघडपणे सांगता येत नव्हती. भारताबद्दल बोलायचं तरी पंचाईत, कारण ‘पण तू मुळात भारतात पोचलास कसा?’ हा पुढचा प्रश्न आलाच!

ज्यांचे नवरे, बाप, भाऊ सैन्यात होते ते इंग्लंडला गेले. १९४७ च्या कायद्यानं त्यांना तिथे राहता आलं. राहायला मिळाल्या त्या लष्कराच्या रिकाम्या छावण्या, अर्धगोल पत्र्याच्या. पुन्हा बराकच. काही पूर्व आफ्रिकेतल्या पोलिश कँपमध्ये गेले, तिथून पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा. काही अमेरिकेला. दोन-चार मुलींनी इथेच लग्नं केली आणि राहिल्या. वळिवड्यात मातुरा झालेल्या मुलीला लंडनमध्ये कुणी विचारत नव्हतं की तुझ्या भूगोलाच्या पुस्तकात ल्वूव कुठे होतं. तिला कारखान्यात काम मिळालं, तिनं रात्रीचे वर्ग केले, नर्स झाली, शिक्षिका झाली. अशा कहाण्या या पिढीत ढिगानं आहेत.

एक माणूस मात्र या सगळ्यात वेगळा विचार करत होता, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वांदा दिनोव्स्का. १९३५ मध्ये भारतात आलेली थिऑसॉफिस्ट, गांधीजींच्या परिचयातली, इकडे उमादेवी म्हणून ओळखली जायची. ती वळिवड्यातल्या तरुण मुलांना भारताबद्दल सांगायची. तिचा सूर असा की इथे अडकून पडलाच आहात तर जिथे आहात ते ठिकाण तरी बघा. तिचा सहकारी मॉरिस फ्रिडमन, पोलिश इंजिनियर, औंध संस्थानाच्या ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात होता, आणि त्यानंच पुढे निसर्गदत्त महाराजांची मुंबईतली मराठी निरूपणं इंग्रजीत नेली. (इंजिनियर लोक वीकेंडला काय काय करतात बघा.) उमादेवी १९६० नंतर तिबेटी निर्वासित मुलांसाठी काम करायला गेली. पुन्हा तीच पोरं, तोच प्रश्न, फक्त नकाशा वेगळा.

आता कागदांबद्दल. १९४२-४३ मध्ये पोलिश सैन्याच्या एका विभागानं निर्वासित मुलांकडून शाळेत निबंध लिहून घेतले. विषय, रशियात तुमच्यावर काय गुजरलं. वहीच्या कागदावर, मुलांच्या अक्षरात आणि मुलांच्या चुकांसकट. ते आज स्टॅनफर्डला हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत. बे एरियात असणाऱ्या आपल्या मित्रमंडळींना माहीतही नसेल, पण पालो आल्टोच्या ऑफिसातून सायकलनं जाण्याच्या अंतरावर. त्यातल्या १२० निबंधांचं पुस्तक यान ग्रोस आणि इरेना ग्रुदझिन्स्का-ग्रोस यांनी १९८१ मध्ये काढलं. मोलाचं काम आहे, वादच नाही. पण एक गोष्ट खटकते. पुरावा हवा होता म्हणून मुलांना भूतकाळ विचारला गेला. ‘मोठेपणी मी कोण होणार’ हा आपल्याकडे चौथीत प्रत्येकानं लिहिलेला निबंध. तो त्या ढिगात असता तर? पाव लपवणाऱ्या मुलानं काय लिहिलं असतं, तेच मुलगं तीन वर्षांनी काय लिहितं, याल्टानंतर काय लिहितं... तो फरक बघायला मी किती दिवस दिले असते!

पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या या लोकांनी आपली एक संस्था काढली. नाव, १९४२ ते १९४८ मधल्या भारतातल्या पोलिश लोकांची संघटना. आठवणी गोळा करून त्यांनी जाडजूड ग्रंथ काढला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्यातले काही जण, आता ऐंशी-नव्वदीचे, कोल्हापूरला येऊन गेले.

कँप १९४८ च्या सुरुवातीला रिकामा झाला. पण बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथेच आणून ठेवलं. पोलिश मुलांनी सोडलेल्या खोल्यांमध्ये सिंधी मुलं झोपायला लागली, त्यांचंही घर आता दुसऱ्या देशात. त्या वस्तीचं नाव गांधीनगर झालं. कोल्हापूर, सांगलीकडची मंडळी लग्नाचा बस्ता काढायला ज्या होलसेल कापडबाजारात जातात, ते हेच.